घ्या, बाई

साकीनाक्याच्या एका औद्योगिक इमारतीत दुसऱ्या मजल्यावर माझा गाळा आहे. एका बाजूला पत्र्याचे डबे ठोकणारा कारखाना, दुसऱ्या बाजूला शिलाईची मशिनं, आणि मधे मी, माइक-स्पीकर आणि रेकॉर्डिंगचं सामान विकायला आणि दुरुस्त करायला बसलेला. त्याआधी पंधरा वर्षं गोरेगावच्या एका स्टुडिओत रेकॉर्डिस्टचा असिस्टंट होतो. तिथे मला दोन सवयी लागल्या. कुठलाही आवाज ऐकला की त्यातली खोट आधी सापडते, आणि गिऱ्हाइकावर मी लवकर चिडतो. बायको म्हणते, सर्वेश, या स्वभावाने तू नुसती दुरुस्ती कर, विकायच्या भानगडीत पडू नकोस. तिचं बरोबर आहे.

पण चिडायला कारणही असतं. घरात बसून गिटार रेकॉर्ड करायची टूम निघाल्यापासून जो तो इंटरफेस घ्यायला येतो. इंटरफेस म्हणजे गिटार आणि कॉम्प्युटर यांच्यामधली डबी. एका बाजूने गिटारची वायर आत जाते, दुसऱ्या बाजूने वाजवलेलं कॉम्प्युटरमध्ये उतरतं. एवढ्याशा डबीसाठी लोक वीस व्हिडिओ बघून येतात, दोन तास माझं डोकं खातात आणि "विचार करून सांगतो" म्हणून निघून जातात. अंबादासकाका ओव्हाळ पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांनाही त्यांच्यातच धरलं होतं.

फेब्रुवारी महिना होता. सत्तरी ओलांडलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात पॉलिश केलेले बूट. उजवा हात पँटच्या खिशात. "जयभीम" म्हणाले, मीही "जयभीम काका, बसा" म्हणालो. बसल्यावर त्यांनी डाव्या हाताने घडी केलेला फुलस्केप कागद काढून काउंटरवर पसरला. पट्टीने आखलेला तक्ता होता. सहा इंटरफेसची नावं एकाखाली एक, आणि पुढच्या पहिल्या रकान्यावर लिहिलं होतं, 'शांतता'.

"शांतता म्हणजे?" मी विचारलं.

"काहीही जोडायचं नाही. आवाज पूर्ण मोठा करायचा. मग हेडफोनमध्ये काय ऐकू येतं, ते."

"काही नाही ऐकू येत काका."

"येतं. थोडं का होईना, येतंच. ते मोजायला आलोय."

आणि खरोखर त्यांनी ते केलं. पंखा बंद करायला लावला. हेडफोन चढवून, डोळे मिटून एकेका डबीतला रिकामा आवाज दहा-दहा मिनिटं ऐकला. शेजारी डबे ठोकायला लागले की हात वर करून थांबायचे, ठोकणं थांबलं की पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येकीला दहापैकी मार्क दिले. दुपारभरात तीन डब्या झाल्या. उरलेल्या तीन पुढच्या आठवड्यात ऐकतो म्हणाले आणि गेले. मी कपाळावर हात मारला.

पुढच्या आठवड्यात आले, त्या तीन ऐकल्या आणि पहिल्या तीनमधली एक पुन्हा मागायला लागले. मी म्हणालो, "काका, बस झालं ना यार. स्टुडिओवालेसुद्धा एवढं बघत नाहीत. असं काय मोठं रेकॉर्डिंग करायचंय तुम्हाला?" हे बोलायला नको होतं, पण तोंडातून गेलं. काकांना राग आला नाही. ते म्हणाले, "मी छत्तीस वर्षं ट्रॉम्बेला होतो. अणुकेंद्रात, उपकरणांच्या विभागात. सिग्नल असायचा एवढासा, आणि खरखर ही एवढी. खरखर काढून टाकायची, सिग्नल ठेवायचा, आयुष्यभर हेच काम केलं मी. आता शेवटचं एक काम राहिलंय, ते नीट व्हायला पाहिजे."

मग त्यांनी उजवा हात खिशातून काढून काउंटरवर ठेवला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांवर सारखं घासत होतं. काका त्याच्याकडे बघत होते, पण ते थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं.

काका आणि त्यांची बायको राधाबाई, दोघं तरुणपणी नवप्रकाश गायन पार्टीत होते. जयंतीचे कार्यक्रम, विहारांची उद्घाटनं, लग्नं. बाकीच्या पार्ट्यांत बेंजो असायचा, यांच्यात काकांची गिटार होती, अणुकेंद्राच्या कॉलनीतल्या एका केरळी सहकाऱ्याकडून शिकलेली. राधाबाई मुख्य गायिका. एप्रिल महिन्यात एका रात्रीत तीन-तीन ठिकाणी गायच्या, पुण्यापासून मनमाडपर्यंत लोक नावाने ओळखायचे. आता तीन वर्षं त्यांना विस्मरणाचा आजार होता. हातात चमचा धरून बसायच्या, त्याचं काय करायचं ते आठवायचं नाही. मुलगी चेतना मुलुंडहून आली की तिला शेजारीण समजायच्या.

"पण मी गिटार घेतली की गाते," काका म्हणाले. "चारही कडवी, एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि गाणं संपल्यावर अर्धा-पाऊण तास ती घरात असते. जेवते. चेतनाचं नाव घेते. मला 'अहो' म्हणते. मग पुन्हा जाते." त्यांनी हात परत खिशात घातला. "डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे, औषधावर सहा-आठ महिने वाजवता येईल. पुढे नाही. हाताचं मला काही नाही रे. पण मग तिला परत कोण आणणार? म्हणून हात जायच्या आत सगळी गाणी वाजवून ठेवायची आहेत."

मी विचारलं, मोबाइलवर करून बघितलं का. बघितलं होतं. पण मोबाइलमध्ये गिटारबरोबर राधाबाईंचं गाणंही आलं, आणि ते लावलं की राधाबाई गायच्या थांबायच्या. ऐकत बसायच्या आणि म्हणायच्या, "ही बाई चांगली गाते." त्यामुळे काकांना फक्त गिटार हवी होती. राधाबाईंचा आवाज नको, घरातला कुठलाच आवाज नको, गाण्याची जागा रिकामी ठेवलेली स्वच्छ गिटार.

मला माझी लाज वाटली. आणि लाज वाटली की मी करतो तेच केलं, भराभर सल्ले द्यायला लागलो. काकांची गिटार पिकअपवाली होती, म्हणजे तारांचा आवाज थेट वायरीतून घेता येणारी. मी म्हणालो, मग माइकची गरजच नाही. दोन इनपुटवाला इंटरफेस तुम्हाला कशाला, एका इनपुटची डबी घ्या, वायर थेट लावा. घरात कुणी ओरडलं तरी आत येणार नाही. वर कानात क्लिक लावून वाजवा, म्हणजे लय इकडेतिकडे होणार नाही. क्लिक म्हणजे टिक-टिक, स्टुडिओत सगळे त्यावरच वाजवतात. काकांनी सगळं लिहून घेतलं. त्यांच्या तक्त्यात जिला साडेनऊ मार्क होते तीच डबी मी दिली. चेतनाचा जुना लॅपटॉप होता, त्यात सगळं बसवून शिकवलं. दोघांचंही समाधान झालं.

महिन्याभराने काका पेनड्राइव्ह घेऊन आले. अकरा गाणी. कॉम्प्युटरला लावून ऐकली आणि खरं सांगतो, मी थक्क झालो. कापऱ्या हाताचा माणूस, पण एक सूर घसरला नव्हता. एकेका गाण्यासाठी किती वेळा वाजवलं असेल कोण जाणे. त्यांनी सांगितलं म्हणून मी आणखी साफसफाई केली, गाण्याआधीची चार-पाच सेकंदांची रिकामी जागा कापली, दोन ठिकाणी तारेवर बोट घासलेलं काढून टाकलं. "झकास झालंय काका," मी म्हणालो. काका लाजले. जाताना त्यांनी पहिल्यांदाच माझा चहा घेतला.

आठ दिवसांनी ते परत आले ते नमस्कार-जयभीम न करताच. उभ्याउभ्या म्हणाले, "राधा गात नाही."

"म्हणजे?"

"अकराही लावली. रोज लावतोय. गात नाही."

मी म्हणालो, लॅपटॉपचा आवाज बारीक आहे, त्याने होत असेल. स्पीकरची गडबड असेल. मी म्हणालो, रविवारी येतो, चांगला स्पीकर घेऊन येतो, बघू कशी गात नाहीत ते. किती माज असावा माणसाला.

घाटकोपर पूर्वेला, पंतनगरच्या पुढे एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. चेतनाने दार उघडलं. ती दर रविवारी येते. खिडकीजवळच्या दिवाणावर राधाबाई बसल्या होत्या, कुंकू नसलेलं मोकळं कपाळ, केसांना तेल, हातात एक नॅपकिन. त्याची घडी घालायच्या, मोडायच्या, परत घालायच्या. माझ्याकडे बघून हसल्या. "बसा. चहा घेणार?" मी हो म्हणालो. दोन मिनिटांनी पुन्हा म्हणाल्या, "बसा. चहा घेणार?"

मी स्पीकर लावला आणि पहिलं गाणं सुरू केलं. राधाबाई घडी घालत राहिल्या. दुसरं लावलं तेव्हा त्यांनी खिडकीतून खाली वाकून बघितलं. "कुणाचं तरी लग्न दिसतंय." मी आवाज वाढवला, तर त्यांनी नॅपकिन कानावर धरला आणि त्यांचा चेहरा रडवेला झाला. चेतना पटकन म्हणाली, "बंद करा ना, घाबरतेय ती." मी बंद केलं. काका भिंतीला टेकून उभे होते.

मग काय वाटलं कोण जाणे, मी म्हणालो, "काका, तुम्ही वाजवा बरं एकदा."

त्यांनी भिंतीवरची गिटार काढली आणि दिवाणासमोर स्टुलावर बसले. डाव्या पायाने फरशीवर दोनदा टप-टप केलं. घसा खाकरला. आणि वाजवायला लागले. तेच गाणं, पण ते नव्हतंच. हात कापत होता, तार मधेच किणकिणत होती, लय पुढेमागे होत होती. सुरुवातीचा तुकडा झाल्यावर ते पुढे गेलेच नाहीत. तोच तुकडा तिथल्या तिथे फिरवत राहिले, एक फेरी, दोन फेऱ्या, नजर राधाबाईंच्या तोंडावर. मग मान किंचित झुकवून म्हणाले,

"घ्या, बाई."

राधाबाईंनी नॅपकिन बाजूला ठेवला. पदर सारखा केला. ताठ बसल्या आणि गायल्या.

'दिव्याच्या उजेडी माय अक्षर गिरवी.' पार्टीचे प्रमुख धोंडिरामबुवा यांनी रचलेलं ते गाणं. आवाज चिरका झाला होता, पण शब्द जसेच्या तसे, आणि डोळ्यांत अशी जाग की मघाची बाई हीच का, असं वाटावं. तिसऱ्या कडव्याला त्या अडखळल्या. ओठ हलले, शब्द येईना. काकांनी त्या ओळीचे पहिले तीन सूर वाजवले, थांबले, पुन्हा तेच तीन वाजवले. म्हणाले, "आहे मी. घ्या." आणि राधाबाईंनी ओळ उचलली.

गाणं संपल्यावर त्या वळून म्हणाल्या, "चेतना, पाहुण्यांना चहा दिलास का गं?" चेतना आत निघून गेली. तिला रडू आलं होतं.

नंतर काकांनी मला सांगितलं. धोंडिरामबुवांची शिस्त होती, स्टेजवर कुणी नवरा नाही, कुणी बायको नाही. समाजापुढे गायला उभी राहिलेली बाई ही 'बाई', आणि तिला 'घ्या' म्हणायचं. त्यामुळे घरी राधा, तू, जेव, झोप, असं बोलणारे काका गिटार हातात घेतली की बायकोला अहो-जाहो करायचे. घरातल्या तालमीतसुद्धा. पंचेचाळीस वर्षं. आणि दुसरी रीत, गायिकेने घेईपर्यंत वाजवणाऱ्याने पुढे जायचं नाही. मधेच कुणी हार घालायला येतं, कुणी चिठ्ठी देतं, माइक बंद पडतो. किती का फेऱ्या होईनात, तिची जागा धरून ठेवायची.

"आणि हे सगळं तुम्ही रेकॉर्डिंगमध्ये नाही घेतलंत?" मी विचारलं.

"ते कशाला घेऊ? पाय आपटणं, खाकरणं, ते बोलणं, हा सगळा नॉइज. गिटार तेवढी सिग्नल." काका अगदी सरळपणे म्हणाले. "तूच म्हणालास ना, क्लिकवर वाजवा, इकडेतिकडे होऊ देऊ नका?"

मी म्हणालो होतो. गाण्याआधीची रिकामी जागाही मीच कापली होती. पंधरा वर्षं स्टुडिओत काढली, पण त्या बाईला गायला लावणारं काय आहे, हे मला ऐकू आलं नाही. मी म्हणालो, "काका, वाट लावली आपण. त्यात गिटार आहे, तुम्ही नाही आहात. बाईंना बोलावणारं कुणीच नाहीये त्यात."

"म्हणजे मीच मला काढून टाकलं," काका म्हणाले. मग हाताकडे बघून विचारलं, "परत करायला वेळ आहे का?"

दुसऱ्या दिवशी मी दोन इनपुटवाला इंटरफेस घेऊन गेलो. काकांच्या तक्त्यात त्याला सहाच मार्क होते. पहिल्या इनपुटला गिटारची वायर, दुसऱ्याला माइक. माइकचं तोंड काकांकडे, पाठ राधाबाईंकडे. माइक समोरचं घेतो, मागचं फारसं घेत नाही, त्यामुळे राधाबाई गायल्या तरी त्यांचा आवाज आत लांबून, कोरसमधल्या कुणाचा यावा इतकाच येणार होता. सामानाची निवड एवढीच, पाच मिनिटांत झाली. पुढचं सोपं नव्हतं.

माइक समोर आला की काका बदलायचे. 'घ्या, बाई' असं म्हणायचे की रेल्वेची घोषणा वाटावी. राधाबाई बघतही नव्हत्या. तीन दुपारी फुकट गेल्या. शेवटी मी माइक खाली, त्यांच्या गुडघ्याशेजारी एका पाटावर ठेवला आणि त्यावर राधाबाईंचाच एक नॅपकिन टाकला. काका त्याला विसरले. तिथून पायाचं टप-टपही चांगलं यायला लागलं.

मग त्यांनीच नवी शंका काढली. "मी समोर असतो तेव्हा ती घेईपर्यंत थांबतो. टेप थांबणार नाही. उद्या तिने उशिरा घेतलं तर?" दोन दिवसांनी उत्तरही त्यांनीच काढलं. प्रत्येक जागेला दोन फेऱ्या, मग 'घ्या, बाई'. तरी आणखी एक फेरी, आणि 'आहे मी, घ्या'. उघड्या मैदानात कार्यक्रम असला आणि स्टेजवर ऐकू येईनासं झालं की पार्टी हेच करायची. तीन मिनिटांचं गाणं सात मिनिटांचं झालं. स्टुडिओत असं कुणी करून आणलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं.

मे महिनाभर आमचं हे चाललं होतं. दुपारी मी गाळा बंद करून घाटकोपरला जायचो. पंखा बंद, खिडक्या बंद, तिघंही घामाने निथळत. त्या वर्षी जयंतीला विहारातून गाण्याचं बोलावणं आलं होतं, ते काकांनी पहिल्यांदाच नाकारलं होतं. हात जितका उरलाय तितका घरी लागेल म्हणाले. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यापेक्षा तो लवकर संपत चालला होता. गोळी घेतल्यावर तासभर बरा असायचा, पुढे पुढे अर्धा तास. शेवटी अंगठा जमेना तेव्हा सगळ्या बोटांनी एकदम तारा छेडायला लागले. चुका व्हायच्या. मी चूक कापत नव्हतो. तेरा गाणी झाली. चौदावं दुसऱ्या कडव्यापाशी राहिलं. काकांनी गिटार मांडीवरून उतरवली, तिच्यावरून पालथा हात फिरवला आणि चेतनाला म्हणाले, "भिंतीला लावून ठेव."

लॅपटॉप काकांच्या बोटांना जमणार नाही म्हणून मी एक लाकडी खोका केला. आत स्पीकर, वर हाताच्या पंजाने दाबता येईल एवढं एकच मोठं बटण. पहिल्यांदा लावला तेव्हा काका मुद्दाम दिवाणापासून लांब उभे राहिले, दोन्ही हात मागे बांधून. खोक्यातून टप-टप आलं. खाकरणं आलं. राधाबाईंची घडी अर्धी राहिली. एक फेरी. दोन फेऱ्या. "घ्या, बाई," खोका म्हणाला, आणि राधाबाईंनी घेतलं. काका तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिले. त्यांच्या पाठीकडे बघवेना. मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

त्यानंतर कामाच्या धबडग्यात माझं जाणं राहिलं. फोन व्हायचे. दिवाळीच्या सुमाराला काकांचा आवाजही बारीक, पुटपुटल्यासारखा झाला होता. गाते का विचारलं की म्हणायचे, "रोज गाते. दोन्ही वेळा जेवते." एवढंच सांगायचे, आणि मला ते पुरेसं वाटायचं.

जानेवारीत चेतनाचा फोन आला की खोक्याचं बटण अडकतंय. मी त्याच दुपारी गेलो. बटण दहा मिनिटांत झालं. काका खूप वाळले होते, दोन्ही हात मांडीवर, दोन्ही हलणारे. चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती. आणि ते स्टुलावर नव्हते. दाराजवळ प्लॅस्टिकची खुर्ची होती, आल्यागेल्याला बसायला ठेवतात ती, तिच्यावर बसले होते. मला ते विचित्र वाटलं, पण आजारी माणसाला सोयीचं असेल म्हणून मी विचारलं नाही.

"लाव," काका म्हणाले. मी बटण दाबलं.

टप-टप. खाकरणं. तीच गिटार, तिच्यातली ती किणकिणणारी तार. "घ्या, बाई." राधाबाईंनी पदर सारखा केला आणि गायल्या. दुसरं कडवं झालं. खोक्यातली गिटार पुढच्या जागेशी येऊन फिरत राहिली. पहिल्या फेरीला राधाबाईंची नजर खोलीभर फिरली आणि दाराजवळच्या खुर्चीवर थांबली. त्या काकांकडे बघून हसल्या, परक्या माणसाकडे बघून हसतात तसं.

"पाहुणे, घाई नाही ना?" त्या म्हणाल्या. "ऐकून जा. आमचे हे वाजवतायत."

मी चेतनाकडे बघितलं. तिने मान खाली घातली. तिला हे नवीन नव्हतं. काकांनाही नव्हतं, हे मला त्यांच्या उत्तरावरून कळलं.

"ऐकतोय, बाई," काका म्हणाले.

"हात कापतो हल्ली त्यांचा," राधाबाई हळूच, आपल्यातलं सांगावं तसं म्हणाल्या. "पण मला कधी एकटीला सोडत नाहीत."

काकांचे ओठ हलले. आवाज खोक्यातून आला.

"आहे मी. घ्या."

राधाबाईंनी पाहुण्यांकडे पाठ केली आणि खोक्याकडे बघत तिसरं कडवं उचललं.